प्लेटवर न उमटलेलं कुंकू

आधीच सांगून ठेवतो, भुताखेतांच्या गोष्टी घेऊन येणाऱ्याला मी आजवर आमच्या कट्ट्यावर बसू दिलेलं नाही. या मासिकात असले अनुभव छापून येतात तेव्हा माझं डोकं फिरतं... आणि आज मीच लिहायला बसलोय! कारण परवा निपाणीचा एक ओळखीचा माणूस माझ्या तोंडावर म्हणाला, "तुमच्या आक्काला बाहेरचं कायतरी हुतं म्हणं. फोटोत दिसलंतं." बाहेरचं! तेव्हा काय घडलं ते एकदा नीट ऐकाच.

आम्ही शहापूरचे विणकर. साडीचं सूत रंगून आलं की ते कंदिलाखाली कधी पसंत करायचं नाही, दाराबाहेर उन्हात नेऊन बघायचं, ही आमच्या घरची रीत. दिव्याखाली काळं आणि गडद निळं एकच वाटतं. म्हणजे उजेड माणसाला फसवतो हे मला कुणी नव्यानं शिकवायला नको.

लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. माझी थोरली बहीण, आक्का, निपाणीला तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या घरी दिलेली. लग्नाला वर्ष व्हायच्या आत दाजी तिला घेऊन बेळगावला आले आणि खडेबाजारात एका माडीवरच्या स्टुडिओत दोघांनी जोडीचा फोटो काढला. मी बरोबर होतो. आक्का खुर्चीत, दाजी शेजारी काळी टोपी घालून उभे. आक्काच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं. मी पाहिलं, फोटोवाल्यानं पाहिलं. दाजींनी तर "जरा डावीकडं सरकलंय" म्हणून तिला ते नीट करायला लावलं होतं.

फोटो निपाणीला पोचला, आणि थोड्याच दिवसांत आक्का ट्रंक घेऊन आमच्या दारात उभी. हातात तो फोटो. साडीचा लाल काठ काळाभोर आलेला, ओठ काळपट, आणि कपाळ... कोरं! पुसट डागसुद्धा नाही. सासूबाई म्हणाल्या होत्या, "हिच्या कपाळावर कुंकू ठरंना. माझ्या पोराला गिळायला आलीया ही." इतके महिने त्या घरात राबलेली बाई एका कागदाच्या तुकड्यावरून बाहेर काढली!

माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. तसाच उठून स्टुडिओत गेलो आणि फोटोवाल्याच्या पुढ्यात तो फोटो आपटला. "तुमच्या मशिनीपायी माझी भण माघारी आलीया," म्हणालो.

त्यानं फोटो बघितला आणि त्याचा चेहराच उतरला. मला आतल्या अंधाऱ्या खोलीत नेलं. तिथं लाल काचेचा कंदील जळत होता. "हे बघा," तो म्हणाला, "फोटो जिच्यावर उमटतो त्या ह्या काचेच्या प्लेटला लाल उजेड दिसत न्हाय. म्हणून तर मी हितं लाल कंदील लावून काम करतो, प्लेट खराब हुईत न्हाय. आन् प्लेटला जे दिसत न्हाय, ते फोटोत काळं येतंय. काठ काळा आलाय का न्हाय?"

"मग कुंकू?"

"त्ये बी काळंच याला पायजे. आजवर आलंय." त्यानं मूळ काच काढून खिडकीच्या उजेडाला धरली. कुठं खरवडल्याची, रंग फिरवल्याची खूण नव्हती. "आक्कांना घिऊन या," तो म्हणाला, "परत काढू."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, स्टुडिओच्या काचेच्या छपराखाली, लख्ख उजेडात आम्ही बसलो. आक्कानं आपल्या करंड्यातलं मेण लावून वर कुंकू टेकवलं. त्याच करंड्यातलं मेण, तेच कुंकू मी माझ्या कपाळाला लावलं. बहीणभाऊ शेजारी शेजारी, एकाच प्लेटवर. ती धुऊन फोटो छापून होईस्तोवर मी फोटोवाल्याच्या पाठीशी उभा होतो.

माझं कुंकू काळं, ठसठशीत उमटलं होतं. आक्काचं कपाळ कोरं!

फोटोवाला बाहेर आला, आक्काच्या कपाळाकडं बघत राहिला. कुंकू जागच्या जागी होतं. "मला न्हाय ठावं आक्का, ह्ये कसं झालं," एवढंच बोलला. तो माणूस तरी खरं बोलला.

मी निपाणी गाठली. दाजी वखारीत तंबाखू चोळत बसले होते. मी बसलोसुद्धा नाही. "दाजी, त्या दिवशी कुंकू हुतं का न्हाय? तुमच्या डोळ्यांनी बघितलं का न्हाय?"

"हुतं की. मीच सरळ कराय लावलं न्हाय का."

"मग आईला सांगा."

ते तळहातावरची तंबाखू चोळतच राहिले. "आईपुढं काय बोलायचं रं..." म्हणाले.

झालं! अहो, प्लेट आंधळी, तिच्यावर मी काय रागावू? या माणसाला तर दिसलं होतं! पुढच्या लग्नसराईत त्यांनी दुसरी बायको केली. आज अंगानं चांगले सुटलेत, वखार जोरात चाललीय. कुणी कुणाला गिळलं ते तुम्हीच बघा.

इथल्या एका सायन्सच्या मास्तरांना मी दोन्ही फोटो दाखवले. ते म्हणाले, मेणाची चकाकी असेल, चकाकी पांढरी उमटते. मग माझ्या कपाळाला काय वेगळं मेण होतं? त्यावर त्यांनी चष्मा पुसला. कुणाकडं याचं उत्तर असलं तर जरूर कळवा, फक्त ते 'बाहेरचं' तेवढं मला सांगू नका.

दाजींच्या दुसऱ्या लग्नाची बातमी आली त्या दिवशी जोडीचा तो फोटो मी चुलीत घालायला निघालो होतो. आक्का मागावरून उठून आली आणि तिनं तो माझ्या हातातून काढून घेतला.

"ऱ्हाऊ दे," म्हणाली. "काच काय खोटं बोलली न्हाय. त्या दिवशी माझ्या शेजारी कुणी हुतं व्हय रं?"

मी फोटोकडं बघितलं. तिच्या शेजारी दाजी अगदी स्वच्छ आले होते, टोपीच्या काठासकट.