सात नंबरचा बिल्ला

आमच्या क्लबाच्या नियमावलीतला शेवटचा नियम असा आहे: दुसऱ्याचा बिल्ला कुणीही काढू नये, मग तो मित्राचा असो, भावाचा असो की नवऱ्याचा. त्यातलं 'नवऱ्याचा' माझ्यामुळे आलं. नवीन येणारे ते वाचून हसतात. मला हसू येत नाही.

अलिबागच्या उत्तरेला एका लहान गावाच्या किनाऱ्यावर आमची पत्र्याची शेड आहे आणि बारा शिडाच्या होड्या. एका होडीत एकच माणूस. दिवाळीनंतर होळीपर्यंत एक रविवार सोडून एक शर्यत, अशा आठ शर्यती. मी शाळेत गणित शिकवायचे. निवृत्त झाले त्या वर्षी कॅप्टननी, म्हणजे आमच्या सेक्रेटरींनी, गुणांची वही माझ्या हातात दिली. ते आयुष्यभर मालवाहू जहाजांवर होते आणि बेरजेचा त्यांना मनस्वी कंटाळा. मला पोहता येत नाही, होडीत पाय ठेवला की मळमळतं. पण बेरीज चुकलेली मला खपत नाही.

गुण मांडायची पद्धत उलटी असते. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, आणि हंगामाच्या शेवटी ज्याची बेरीज सगळ्यांत कमी तो जिंकला. आयुष्यभर मुलांना 'जास्त गुण आणा' म्हणून कान पिळलेल्या बाईला हे पचायला एक अख्खा हंगाम गेला. शिवाय आमच्याकडे हजेरीची रड होती. मुंबईहून रो-रो बोटीने येणारे बंगलेवाले मनात आलं तर येत, नाहीतर नाही. कधी कधी तीनच होड्या पाण्यात असत. मग मी नियम केला. जो आलाच नाही त्याला तेरा गुण. जो आला, निघाला, पण पोहोचू शकला नाही, त्याला त्या दिवशी जितक्या होड्या आल्या त्याहून फक्त एक जास्त. आणि प्रत्येकाच्या दोन सर्वांत वाईट शर्यती वगळायच्या, म्हणजे एखादा रविवार हुकला तरी माणूस हिरमुसून घरी बसू नये. हजेरी वाढली. सगळे मला हेडबाई म्हणायला लागले. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

बिल्ल्याची पद्धत माझ्या आधीपासूनची. शेडच्या दारात एक फळी आहे, तिच्यावर बारा खिळे. पाण्यात जाताना आपला पितळी बिल्ला खिळ्याला अडकवायचा, परत आल्यावर काढून घ्यायचा. फळी मोकळी झाली की सगळे किनाऱ्यावर आले. मग बचावाची मशीनची होडी वर ओढायची. ती होडी चालवणारा गावातलाच कोळी, पन्नाशीचा. एकदा एकाचा बिल्ला लटकत राहिला म्हणून तो बिचारा दोन तास समुद्र धुंडाळत होता, आणि तो शहाणा टपरीवर कांदाभजी खात बसला होता. मला असा राग आला की पुढच्याच बैठकीत मी दंड लावला. बिल्ला काढायला विसरला की एकूण बेरजेत चार गुण जादा.

त्यानंतर कुणी विसरलं नाही. खरं सांगायचं तर विसरायचे, पण शेजारचा काढून द्यायचा. "तुझा काढलाय रे, भजी सांग," असं चालायचं. मी ते ऐकायचे आणि वहीत डोकं घालून बसायचे. चूक होती ती. वर्गात एकाने दुसऱ्याची हजेरी लावली असती तर मी दोघांना बाहेर उभं केलं असतं.

माझा नवरा सात नंबर. तोंडावर मी त्याला अहो म्हणते, लिहिताना तो. पासष्टीचा, गुडघे गेलेले, आणि विसरभोळा इतका की चष्मा फ्रिजमध्ये सापडतो. त्याचा बिल्ला तर त्याने स्वतः कधीच काढला नसेल. कुणी ना कुणी काढायचं. इतक्या वर्षांत तो कधी तिसरा, कधी पाचवा. डॉक्टरांनी गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलं होतं, म्हणून हा त्याचा शेवटचा हंगाम. आणि नेमका या हंगामात तो शेवटच्या शर्यतीआधी पुढे होता, एका गुणाने. मागे होता एक दाताचा डॉक्टर, त्याच्याहून वीस वर्षांनी लहान.

त्या रविवारी दुपारी वायव्येचा वारा चढायला लागला. एरवी चार-पाच जण आभाळाकडे बघून घरीच राहिले असते. पण गैरहजेरीचे तेरा कुणाला नको होते, म्हणून बाराच्या बारा होड्या पाण्यात उतरल्या. कॅप्टन बचावाच्या होडीत बसून शर्यत संपते त्या खुणेपाशी गेले. मी शेडमध्ये वही उघडून बसले.

तासाभरात लाटा पांढऱ्या झाल्या. होड्या एकेक करून येऊ लागल्या, काही शर्यत पुरी करून, काही अर्ध्यातून. वाळूवर शिडं उतरवायची एकच घाई. वाऱ्याने कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नव्हतं. सगळी माणसं भिजलेली, सगळी नारिंगी जाकिटात, सगळी सारखी. तो दाताचा डॉक्टर माझ्यासमोरून गेला, स्वतःचा बिल्ला काढला, हसला. फळीवर एकच उरला. सात.

मी मनात म्हटलं, आज चार गुण वाढले तर वर्षाचं पाणी झालं, आणि हा माणूस टपरीवर चहा पीत असणार. इकडेतिकडे पाहिलं. बिल्ला काढला आणि पर्समध्ये टाकला.

कॅप्टन आले, फळीकडे एक नजर टाकली. मागून कोळी आला. "बाय, फली मोकली हाय. होरी वर घेतो."

"घ्या," मी म्हटलं.

कॅप्टननी ओलसर चिठ्ठी दिली. शर्यत पुरी केलेले सात जण. अर्ध्यातून परतलेल्यांनी माझ्याकडे सही करायची असते, त्या सह्या चार. सात आणि चार अकरा. मी पुन्हा मोजलं. वहीच्या सातव्या ओळीतला चौकोन रिकामा होता.

मी ओरडायला हवं होतं. ओरडले नाही. आधी टपरीवर गेले. तिथे नव्हता. मग वाळूवरच्या होड्या मोजल्या. अकरा. तेवढा वेळ मी कशासाठी घालवला ते मला चांगलं माहीत आहे. तो चहा पिताना सापडला असता तर हेडबाईची लबाडी उघडी पडली नसती. माझा नवरा समुद्रात होता आणि मी माझी अब्रू शोधत फिरत होते.

मग मात्र मी सगळ्यांसमोर म्हटलं, "सात नंबर आलेला नाही. बिल्ला मी काढला."

कोळ्याने होडी अर्धी वर घेतली होती. त्याने फक्त "धरा" म्हटलं, आणि दहा जणांनी ती पुन्हा पाण्यात लोटली. मशीन दोरीच्या पहिल्या झटक्याला लागलं नाही. दुसऱ्याला लागलं नाही. तिसऱ्याला लागलं.

कॅप्टन दुर्बीण लावून उभे होते. मला आठवतं ते एवढंच, की मी पर्स छातीशी धरली होती आणि आतला बिल्ला बोटांनी चाचपत होते. कुंपणानेच शेत खाल्लं, कुंपणानेच शेत खाल्लं, एवढंच डोक्यात चाललं होतं. डॉक्टर माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. त्याच्या ओल्या जाकिटातून पाणी गळत होतं. मला त्याचा राग आला, आणि रागाचं कारण नव्हतं.

सूर्य खाली गेला तेव्हा किनाऱ्याच्या टोकावरच्या टेकडीआडून बचावाची होडी आली. मागे दोरीला एक पालथी होडी, आणि कोळ्याच्या पायाशी गोणपाट पांघरलेला एक माणूस. बसलेला.

"सुकानू तुटलं व्हतं. खरकाजवल पोचले व्हते, पालथे होरीला धरून," कोळी म्हणाला. "आनखी थोरा येल झाला असता तं..."

मी धावले. पण नवरा माझ्याकडे आला नाही. दातावर दात वाजत होते, गुडघा दुमडत नव्हता, तरी कॅप्टनच्या खांद्याचा आधार घेत तो सरळ फळीकडे गेला. हात वर करून सातवा खिळा चाचपला. मग खाली वाळूत पाहिलं.

"आज काढायचं लक्षात ठेवलं होतं गं," तो म्हणाला. "पाण्यात सारखं तेच म्हणत होतो. फळीवर बिल्ला आहे, कुणीतरी येईल. पडला की काय?"

मी पर्स उघडली आणि बिल्ला त्याच्या हातावर ठेवला. त्याने बिल्ल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चष्मा विसरणाऱ्या माणसाला हे समजायला क्षणही लागला नाही. मला रडू फुटलं, सगळ्यांदेखत.

त्याने बिल्ला पुन्हा सातव्या खिळ्याला अडकवला.

"आता काढ," तो म्हणाला. "पण आधी माझ्याकडे बघ."