आखूड दांडा

आमच्या ताईच्या नवऱ्याला मी मनातल्या मनात सुधारक म्हणते. तोंडावर भावोजी म्हणते, कारण ताईला वाईट वाटतं. बाथरूमच्या टाइल्स आणि नळ विकणाऱ्या दुकानात ते गेली बावीस वर्षं उभे आहेत, आणि गिऱ्हाइकाच्या घरात काय चुकलंय हे गिऱ्हाइकाने न विचारता सांगण्याची सवय त्यांना तिथेच लागली. हळूहळू दुकान सुटलं की ती सवय घरी यायला लागली. ताईच्या मोरीतला नळ त्यांनी सुधारला, तेव्हापासून त्याच्याखाली बादली बसत नाही. आमच्या दाराला आपोआप बंद होण्याचा खटका बसवला, त्याने आल्यागेल्याच्या टाचा सोलल्या. कोणी काही बोललं की म्हणतात, "सवय होईल हो." खरंच होते. आम्ही तांब्याने बादली भरतो आणि दारातून उडी मारून आत येतो.

मी टपाल कचेरीत पार्सलच्या खिडकीवर बसते. माझा विश्वास वजनावर. लोक म्हणतात "काही नाही हो, हलकंच आहे," आणि काटा वेगळंच सांगतो. भावोजींचं बोलणं मी याच हिशेबाने ऐकते.

त्यांच्या हातून सुटलेली एकच वस्तू होती, ती म्हणजे बाबांची गाडी. बाबा लेथ मशीनवर कामाला होते. सदतीस वर्षांपूर्वी एका दातांच्या डॉक्टरने ठोकून टाकून दिलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार त्यांनी भंगाराच्या भावात आणली आणि तीन वर्षं रात्रंदिवस खपून उभी केली. लाल, बुटकी, छत कापडाचं. तिच्यात बसायचं म्हणजे जमिनीवर बसून फतकल मारल्यासारखं. आई हयात होती तोवर दर रविवारी सकाळी दोघं तिच्यातून तलावाला वळसा घालून येत. आई गेल्यावर बाबा एकटे जायला लागले. पंचाहत्तरीला आले तरी एक रविवार चुकला नाही. आठवड्यातले सहा दिवस ते म्हातारे असत. सातव्या दिवशी नसत.

गाडीचा गिअरचा दांडा उंच होता, छत्रीच्या मुठीएवढा. पहिल्यावरून दुसऱ्यावर न्यायचा म्हणजे हात चांगला वीतभर मागे यायचा. भावोजींना ते बघवेना. "बाबा, हा काय स्पोर्ट्स कारचा दांडा आहे? ही तर हापशाची मूठ झाली. हल्ली आखूड दांडे मिळतात. मनगट हलवलं की गिअर पडला!" बाबा हसायचे आणि पेपर वाचायचे. भावोजींनी मात्र टेप आणून मोजलं. एकोणीस सेंटिमीटर. तो आकडा ते सगळ्यांना सांगत सुटले, जणू बाबांचा ताप मोजलाय.

पंचाहत्तरीच्या आधी तीन दिवस ते सर्व्हिसिंगच्या नावाखाली गाडी घेऊन गेले. वाढदिवसाला आणली ती रिबिन बांधून. आत जुन्याच्या जागी ॲल्युमिनियमचा चकचकीत आखूड दांडा होता, वर लिंबाएवढी गोल मूठ. "एकोणीसचे अकरा केले!" भावोजींनी इंजिन बंद ठेवूनच टक् टक् करून सगळे गिअर टाकून दाखवले. भावोजींचे हात म्हणजे टाइल्सच्या पेट्या उचलणारे हात. त्यांना काय जड?

इतक्यावर भागलं नाही. जुना दांडा त्यांनी खालून कापून, त्याला मुलामा देऊन लाकडी पाटावर उभा केला होता. खाली पितळी पट्टी: 'चौतीस वर्षांची अखंड सेवा'. बाबांच्या हातात तो देताना त्यांनी फोटोसुद्धा काढून घेतला.

"वा, जावईबापू! कमाल केलीत," बाबा म्हणाले. खाली वाकून त्यांनी नवा दांडा एकदा ओढून पाहिला आणि तो हात खिशात घातला. जेवायला बसेपर्यंत बाहेर काढला नाही. मी ते पाहिलं. पाहून काय केलं, तर भात वाढला.

पुढच्या रविवारी गाडी निघाली नाही. बाबा म्हणाले, कंटाळा आला. त्याच्या पुढच्या रविवारी म्हणाले, नजर साथ देत नाही. पाच रविवार गाडी खोळीखाली राहिली. ताई म्हणाली, "वय झालं गं आता त्यांचं." भावोजींनी मान डोलावली, आणि बाबांच्या खुर्चीला हातांचा आधार बसवून देऊ का, असं विचारलं. बाबा दिवसभर खिडकीशी बसायला लागले. जेवण निम्म्यावर आलं. मला भीती वाटली, ती सरळ सांगते. आईच्या वेळीही असंच सुरू झालं होतं, आधी खुर्ची आणि मग पलंग.

पण नजर साथ देत नाही म्हणणारा माणूस पेपरातल्या मुंगीएवढ्या जाहिराती चष्म्याशिवाय वाचत होता. सहाव्या शनिवारी मी खोळ काढली आणि गाडी गल्लीतून एक चक्कर फिरवून आणली. दुसरा गिअर टाकताना माझ्या मनगटात कळ आली. मी रोज दहा-दहा किलोची पार्सलं उचलते, आणि मला कळ! तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. बाबांच्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात आहे. आमच्याकडे गाडीचं स्टिअरिंग उजव्या हाताला, म्हणजे गिअर टाकणारा हात डावाच.

सोमवारी मी कचेरीतून हुकाचा ताणकाटा मागून आणला आणि सगळ्यांना गॅरेजमध्ये बोलावलं. काटा मुठीला अडकवून ओढला. दुसरा गिअर पडला तेव्हा काटा सात किलोच्या जवळ होता. मग तोच काटा दाराच्या कडीला अडकवून बाबांच्या पुढे धरला.

"ओढा."

"काय पोरखेळ चालवलायस?"

"बाबा, ओढा. डाव्या हाताने."

त्यांनी ओढला. ओठ घट्ट मिटून ओढला. काटा साडेतीनवर थांबला.

"हे घ्या, भावोजी," मी म्हटलं. "टेपने मोजलंत, आता हेही मोजा. लांब पान्याने नट बोटाने सुटतो, आखूड पान्याने हात सोलतात, हे बाबांनी तुम्हाला शंभरदा सांगितलं असेल. अंतर कमी केलंत तेवढा जोर वाढला. यांना आखूडशिंगी बहुदुधी गाय पाहिजे! आणि लाथ कोण खातंय?"

"अगं, पण सगळे शौकीन हेच बसवतात..." भावोजी म्हणाले.

"शौकीन पंचाहत्तर वर्षांचे असतात का?"

"त्यांना बोलू नकोस," बाबा एकदम चिडून म्हणाले. "प्रेमाने केलंय त्यांनी. मीच सांगितलं नाही. माणूस एवढा हौसेने घेऊन आला, त्याला काय तोंडावर सांगू, की मला झेपत नाही?"

म्हणजे जावयाचं मन मोडू नये म्हणून बाबांनी स्वतःला म्हातारं ठरवून घेतलं होतं. मला दोघांचाही राग आला.

मेकॅनिककडे गेलो. त्याने तो कापलेला, मुलामा दिलेला दांडा पाटासकट हातात घेतला, पट्टी वाचली आणि विचारलं, "हे कुणी केलं?" भावोजी भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लागले. मेकॅनिक म्हणाला, "वेल्डिंग करीन, पण भर रस्त्यात मोडला तर मला बोलायचं नाही. या गाडीचे भाग आता कोणी बनवत नाही. भंगारात शोधतो. मिळेल तेव्हा मिळेल."

दोन दिवसांनी ताईचा घाबरून फोन आला. "अगं, जेवताना एक शब्द बोलले नाहीत. आमटीला नावंसुद्धा ठेवली नाहीत."

रविवारी सकाळी भावोजी दारात हजर. गाडी नुसती उभी राहून बॅटरी उतरेल, म्हणून बाबांना बसवून मी तलावापर्यंत चालवतो, म्हणाले. बाबा नको नको म्हणत शेजारच्या सीटवर बसले. आईच्या सीटवर. मी फाटकाशी उभी होते.

आमच्या गल्लीला चढ आहे. भावोजींनी पहिल्या गिअरवर गाडी काढली आणि तशीच रेटायला लागले. इंजिन किंचाळत होतं. तो आवाज ऐकून बाबांचा चेहरा असा झाला, जणू कोणी त्यांच्यासमोर चांगली कानस दगडावर घासतंय. "दुसरा टाका!" भावोजी गडबडले, त्यांनी क्लच अर्धवट दाबला, गिअरचे दात करकरले. बाबांना ते सहन झालं नाही.

"क्लच!" बाबा ओरडले. भावोजींनी पाय दाबला आणि बाबांनी उजवा हात पुढे करून दांडा ओढला. टक्.

उजवा हात! शेजारच्या सीटवरून दांडा उजव्या हाताला येतो. साठ वर्षं कानशी, पाने, हातोडे धरलेला तो हात अजून लोखंड होता. सात किलो त्याच्या खिजगणतीतही नव्हते. आणि काटा घेऊन मिरवणाऱ्या मला दुसरा हात मोजायचं सुचलं नव्हतं. सुधारकाची मेहुणी शोभते मी.

कोपऱ्यावर पुन्हा "क्लच!" ऐकू आलं, पुन्हा टक्, आणि गाडी दिसेनाशी झाली. तासाभराने परतले तेव्हा बाबांच्या डोक्यावरचे केस उभे होते आणि भावोजींचा शर्ट घामाने भिजला होता. "उशिरा दाबतात," बाबा मला म्हणाले. "पण शिकतील."

तेव्हापासून दर रविवारी हेच चाललंय. जन्मभर दुसऱ्याला काय करावं ते सांगत आलेला माणूस तासभर कोणी दाब म्हणेल तेव्हाच पाय दाबतो. वाटेत बोलायला गेला तर इशारा चुकतो आणि दात करकरतात, म्हणून बोलत नाही. ताई म्हणते, रविवारी संध्याकाळपर्यंत घरात शांतता टिकते.

चार महिन्यांनी मेकॅनिकला भंगारात एक जुना दांडा मिळाला. भावोजीच घेऊन आले, वर्तमानपत्रात गुंडाळून. "बाबा, जसा मिळाला तसा आणलाय. मी काहीसुद्धा केलेलं नाही," ते म्हणाले, आणि पेट्रोल भरायला गाडी घेऊन गेले. बाबांनी डाव्या हाताने दांडा तोलून पाहिला, उंची बघितली, हसले, आणि कपाटात पितळी पट्टीवाल्या जुन्या दांड्याच्या शेजारी ठेवून दिला.

"हे काय?" मी भडकलेच. "चार महिने वाट बघितली आणि बसवायचा नाही?"

बाबांनी कपाट बंद केलं. "बसवला तर पुन्हा एकट्याने जावं लागेल गं."

बाहेर हॉर्न वाजला. दहा वाजता निघायचं ठरलेलं, आणि आमचे सुधारक पावणेदहालाच येऊन बोंबलत होते. बाबांनी टोपी घातली आणि दारातून उडी मारून बाहेर गेले.