वकीलसाहेबांचे अकरा हजार शब्द

कोपऱ्यावरच्या वकीलसाहेबांकडे टायपिंग करणाऱ्या बाईंना सगळी गल्ली टकटकबाई म्हणते. बावीस वर्षं बोटं झिजवताहेत, पण नोकरी सोडायचं नाव नाही. कारण गल्लीला ठाऊक आहे. बाईंचे यजमान गेल्या वर्षी निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघरात रुजू झाले. डबे उंचीप्रमाणे लावले, फ्रिजवर वेळापत्रक चिकटवलं. बाई कांदा चिरायला लागल्या की मागे उभे राहून म्हणतात, "अगं, जरा बारीक."

दहा ते सहाचं ऑफिस हाच काय तो बाईंचा विसावा. तोही हातचा जायची वेळ आली. साहेबांनी बोललेलं आपोआप टाइप करणारं सॉफ्टवेअर मागवलं.

ते बसवायला आलेल्या तंत्रज्ञाने विचारलं, "साहेब, शब्दसंग्रह केवढा ठेवू? लहान ठेवला तर भराभर लिहील, पण अडीनडीचा शब्द नसेल. मोठ्यात सगळं असेल, पण तुमचं हे जुनं मशीन शोधाशोधीत धापा टाकेल."

"मग ठरवायचं कसं?"

"तुमच्या जुन्या फायली मोजू. किती वेगवेगळे शब्द लागतात ते कळेल."

बावीस वर्षांच्या नोटिसा, अर्ज, करारनामे मशीनच्या पोटात गेले. आकडा आला अकरा हजार! साहेब खुर्चीतल्या खुर्चीत दोन बोटं उंच झाले.

"मग मधला पुरे," तंत्रज्ञ म्हणाला.

"मधला? मला?" साहेबांनी चष्मा काढला. "सगळ्यात मोठा टाका."

बाई आपल्या टेबलाचा खण रिकामा करू लागल्या. बोटांचं मलम, सुईदोरा, दात पडलेला कंगवा.

साहेबांनी माइक ओढला, घसा खाकरला. "हं. तो गळक्या पाइपवाला शेजारी. त्याला जरा दम द्या. वर नेहमीचं घाला, खाली नेहमीचं घाला. पंधरा दिवस. झालं."

मशीन धापा टाकत राहिलं. साहेबांचा चहा निवला. मग पडद्यावर उमटलं, "हं. तो गळक्या पाइपवाला शेजारी. त्याला जरा दम द्या..." कुठे म्हणून चूक नाही.

"यात नोटीस कुठाय?" साहेब कडाडले.

"तुम्ही बोललात ते सगळं आलंय की!"

"अहो, एवढं बाईंना सांगितलं की नोटीस होते!"

तंत्रज्ञाने एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. "म्हणजे ते अकरा हजार शब्द... साहेब, तुम्हाला तर लहानसुद्धा सैल पडेल."

बाईंनी माइक आपल्याकडे वळवला. "आमच्या अशिलाच्या सूचनेवरून आपणांस कळविण्यात येते की," त्या एका दमात पाऊण पान बोलल्या. मग तंत्रज्ञाला हळूच म्हणाल्या, "मधला टाका हो. मला पुरतो."

साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बाई, मशीन नवं आहे. त्याला माझ्या भाषेचं वळण लावावं लागेल. किती दिवस लागतील?"

बाईंनी मनात हिशेब केला. यजमानांचं वय एकसष्ट, दात सगळे शाबूत, रोज पहाटे पाच किलोमीटर चालतात.

"वीस वर्षं तरी धरा, साहेब," त्या म्हणाल्या, आणि मलम पुन्हा खणात ठेवलं.