कमळीच्या कमरेएवढं पाणी

कमळीने तीन वर्षं राग गिळला, असं कोणी म्हणालं तर त्याला कमळी माहीत नाही. तिने राग गिळला नाही, रोज ओकला. सकाळी चहाचं आधण ठेवताना, दुपारी खाडीवरून आल्यावर, संध्याकाळी टीव्ही लागायच्या आधी. तळवलीतल्या त्या गल्लीत शेजाऱ्यांना घड्याळ बघायची गरज उरली नव्हती. फक्त एक गोष्ट तिने या तीन वर्षांत नवऱ्यापुढे पुन्हा तोंडातून काढली नाही, आणि सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

तिच्या अंगणात होडी उभी होती. बावीस फुटी, शिडाची, आत दोन माणसं झोपतील एवढी खोली, गॅसची शेगडी, कपाट. तिचा नवरा जयदेव ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कंपनीत एकतीस वर्षं फिटर होता. कंपनीने गाशा गुंडाळला तेव्हा बाकीच्यांनी रिक्षा घेतल्या, कोणी खोल्या चढवून भाडेकरू ठेवले. जयदेवने मोबाइलवर कुठल्याशा गोऱ्या माणसाला घराच्या मागे स्वस्तात लाकडी होडी बांधताना पाहिलं आणि त्याच्या अंगात आलं. नकाशे मागवले, झेरॉक्सच्या दुकानातून मोठे करून आणले, आणि एका सोमवारी मरीन प्लायचा टेम्पो दारात येऊन थांबला. ह्या होडीत बसून तो गोव्याला जाणार होता. होडीला डिझेल लागत नाही, कोणाच्या बापाची परवानगी लागत नाही, असं तो ज्याला त्याला सांगायचा.

अंगण मात्र कमळीचं होतं. ती तिथे जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, सुकवायची. होडी आली आणि जवळा गच्चीवर गेला, म्हणजे पन्नाशी उलटलेल्या बाईने पाट्या घेऊन जिने चढायचे. लाकूड घासल्याची पिवळी भुकटी गच्चीवरही पोचायची. एकदा सानपाड्याच्या एका गिऱ्हाईक बाईने जवळा परत आणून दिला, म्हणाली, मावशी, याला रंगाचा वास येतो. वीस वर्षांचं गिऱ्हाईक होतं ते. त्या दिवशी कमळी जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता ती न बोललेली गोष्ट. पहिल्याच दिवशी जयदेवने ओट्यावर नकाशा पसरला होता. होडीच्या पोटाखाली एक जाड फळी लोंबताना दिसत होती. तिला तो कील म्हणायचा. त्यात लोखंडाचं वजन भरायचं, म्हणजे वाऱ्यात होडी कलंडत नाही. कमळीने पदराला हात पुसत विचारलं, ही पाण्यात किती खोल जाते? तो म्हणाला, साडेतीन फूट. ती म्हणाली, बंदरावर आता तेवढं पाणी राहिलेलं नाही, गाळ भरलाय.

जयदेवने मानसुद्धा वर केली नाही. "तुला काय समजतंय त्यातलं? हे डिझाइन हाय. तू तुजा जवळा बघ."

बस. एवढंच. पण कमळीच्या कानशिलातून धूर निघाला. तिने तेव्हाच ठरवलं, की पाण्याबद्दल ह्या माणसाला आपण होऊन एक अक्षर सांगायचं नाही. अंगणावरून भांडेन, भुकटीवरून भांडेन, पण पाण्यावर ब्र काढणार नाही.

जयदेवचं पाणी कुठलं होतं, तेही सांगायला हवं. त्याच्या आज्याचा मचवा भरल्या मालानिशी बंदराला लागायचा आणि दहावीत असताना जयदेव त्याच धक्क्यावरून सूर मारायचा. त्यानंतर तो कंपनीत गेला. पहिली पाळी, दुसरी पाळी, नाइट. खाडी घरापासून वीस मिनिटांवर, पण एकतीस वर्षांत त्याने तिच्यात पाय घातला नव्हता. त्याच्या डोक्यात ती सूर मारायची खाडी तशीच भरलेली होती. माणूस मूर्ख नव्हता. वाशीच्या पुलाखालून जाताना डोलकाठी आडवी करता यावी म्हणून त्याने बिजागरी बसवली होती, भरतीचं कोष्टक भिंतीला चिकटवलं होतं. पण कोष्टक पाणी किती चढतं ते सांगतं, खाली गाळ किती चढलाय ते सांगत नाही.

ते कमळीचे पाय सांगत. त्या घरात पुरुषांची होडी आणि बायांचा चिखल, अशी जुनी वाटणी होती. होडी बापाकडून मुलाकडे यायची, चिखल सासूकडून सुनेकडे. कमळी लग्न होऊन आली त्या ओहोटीला सासू वेणूबाई तिला घेऊन खाली उतरली होती. चिंबोरीचं, म्हणजे खेकड्याचं, बीळ कसं ओळखायचं, चिखलातली निवटी मासळी कुठे बसते, कुठल्या तिवराच्या झुडपापलीकडे पाऊल टाकायचं नाही, सगळं तिने हाताला धरून दाखवलं. वेणूबाई फूट-मीटर जाणत नव्हती. तिचं पाणी घोट्याएवढं, गुडघ्याएवढं, मांडीएवढं, कमरेएवढं असायचं. आणि दर उधाणाला ती सुनेला विचारायची, आज बंदरावर कुठवर आलं? कमळी अंगावर हात ठेवून दाखवायची. लग्नाच्या वर्षी हात गळ्याशी होता. वेणूबाई गेली त्या वर्षी कमरेवर. आता मांडीवर आला होता, आणि विचारणारं घरात कोणी नव्हतं.

मुलगी पूर्वी वाशीला बँकेत होती. तिला कमळीने हे सगळं सांगितलं होतं. पूर्वी कळवळून म्हणाली, आई, पप्पा तीन वर्षं मरमर मरतायत, होडी चिखलात बसली तर त्यांचं काय होईल, सांग ना त्यांना. कमळी म्हणाली, सांगितलं होतं. आता त्यांनी विचारायचं.

त्याने विचारलं नाही. होडी पुरी झाली. जयदेवने व्हार्निशचे सात हात दिले आणि शिडीपाशी पुठ्ठा लावला: चपला काढून, पाय पुसून वर यावे. सोसायट्यांमधली माणसं रविवारी बघायला येऊ लागली, पाय पुसून वर चढू लागली, आत बसून फोटो काढू लागली. कमळी एकदाही वर गेली नव्हती. तिला कोणी ये म्हटलं नव्हतं आणि तिच्या पायाला कायम चिखल असायचा.

पुतण्या धनेशला यात मोठा कार्यक्रम दिसला. त्याने पुनवेच्या उधाणाचा दिवस धरला, क्रेन ठरवली, नाक्यावर बॅनर लावला: 'खाडीचा सुपुत्र जयदेव नाखवा'. बॅनरवर जयदेवचा फोटो, धनेशचा त्याहून मोठा. मग एक दिवस तो व्हिडिओ करणाऱ्या पोराला घेऊन अंगणात आला. जयदेव इस्त्रीचा शर्ट घालून होडीला टेकून उभा राहिला. कमळी नेमकी तेव्हाच खाडीवरून येत होती. डोक्यावर चिंबोऱ्यांची पाटी, गुडघ्यापर्यंत काळा चिखल. दारात कॅमेरा म्हणून ती थांबली. जयदेव घोगऱ्या आवाजात बोलत होता.

"आमच्या घरात खाडीत उतरनारं आता कुनी उरलं नाय. मी शेवटचा."

कमळीच्या मानेवरून चिखलपाणी ओघळत होतं. तिने पाटी तिथेच खाली आपटली. दोन चिंबोऱ्या सुटून कॅमेऱ्याच्या पायाशी पळाल्या, धनेश उडी मारून ओट्यावर चढला, आणि जयदेव म्हणाला, काय गं, जरा बघून. एकतीस वर्षं त्याच्या पानात जे मासे पडले ते काय नळाला आले होते? बुडू दे, तिने ठरवलं. पुनवेला सगळ्या गावासमोर बसू दे फतकल मारून, आणि मी धक्क्यावर खुर्ची टाकून बघेन.

हे तिचं अगदी पक्कं होतं. पण दोन दिवसांनी जयदेवने होडीच्या नाकाडावर पांढऱ्या रंगाने नाव घातलं. नाव होतं 'वेणूबाई'.

कमळीने ते नाव वाचलं. तिला नवऱ्याचा आणखीच संताप आला, कारण त्याने तिचा सूडही तिच्याकडून काढून घेतला होता. वेणूबाई सत्तर वर्षं त्या चिखलात वावरली, एकदाही रुतली नाही. तिच्या नावाची होडी गाळात बसणार, पोरं मोबाइल काढणार, आणि वेणूबाई रुतली, वेणूबाई रुतली म्हणून गावभर हसणार. जयदेवचं हसं झालं असतं तर कमळीने सोसलं असतं, गुळाचा खडाही वाटला असता. सासूचं नाव मात्र ती चिखलात पडू देणार नव्हती.

पुनवेच्या आधीच्या अवसेला, दुपारी ऐन भरतीच्या वेळी, जयदेव आणि धनेश क्रेन कुठे उभी करायची ते बघायला बंदरावर गेले. कमळी त्यांच्या मागोमाग निघाली. निघण्याआधी तिने होडीजवळ जाऊन दोरी लावली, पाणी जिथवर येणार तिथे जयदेवने मारलेल्या लाल पट्ट्यापासून कीलच्या तळापर्यंत. तीच दोरी स्वतःच्या टाचेपासून वर धरली. ती कमरेच्या वर वीतभर आली. तिथे तिने काष्ट्यावरून लाल फडकं बांधलं.

बंदरावर पाणी काठोकाठ दिसत होतं. वरून बघणाऱ्याला वाटावं, इथे जहाज लागेल. धनेश हातवारे करत होता, जयदेव माना डोलावत होता. कमळी त्यांच्या मधून गेली, पायऱ्या उतरली, आणि होडी जिथे सोडायची होती नेमकी तिथे जाऊन पाण्यात उभी राहिली. उधाणाचं भरलेलं पाणी तिच्या मांडीपर्यंत आलं. लाल फडकं वर कोरडं राहिलं.

जयदेवला आधी काही कळलं नाही. तो ओरडला, बाहेर ये, तमाशा करू नको. ती हलली नाही.

"तुमची होडी या फडक्यापर्यंत बुडते," ती म्हणाली. "पानी इथवर हाय. आजच्या उधानाचं. पुनवेला यापेक्षा चार बोटं कमीच."

धनेशने मोबाइल काढला, मग जयदेवचं तोंड बघून परत खिशात घातला. जयदेवचे कान लाल झाले होते. त्याला खोटं ठरवायचं होतं, कोणालातरी, निदान पाण्याला. तो पँट न दुमडताच पायऱ्या उतरला आणि तरातरा तिच्याकडे निघाला. चौथ्या पावलाला तो गुडघ्यापर्यंत आत गेला. पाय उपसायला गेला तर दुसरा मांडीपर्यंत. जितकं वर खेचावं तितका चिखल खाली ओढत होता. धनेश धक्क्यावरून दोरी, दोरी करत होता आणि खाडीचा सुपुत्र हातपाय झाडत होता.

कमळी जवळ आली, पण तिने हात दिला नाही. वर खेचू नका, ती म्हणाली. टाच फिरवा. आधी बोटं मोकळी करा, मग गुडघा पुढे टाका. हेच तिला वेणूबाईने पहिल्या दिवशी सांगितलं होतं. जयदेवने टाच फिरवली. पाय सुटला. दुसरा सुटायला जरा वेळ लागला. तो तिच्यापाशी येऊन उभा राहिला तेव्हा पाणी त्याच्याही मांडीपर्यंतच होतं आणि त्याला धाप लागली होती.

"मग पानी हाय कुठं?" त्याने विचारलं.

तीन वर्षं ती या प्रश्नासाठी थांबली होती, खरं तर त्याच्याही कितीतरी आधीपासून. आता तो आला तर तिचा राग कमी होण्याऐवजी उसळून आला. ती म्हणाली, सांगते, पण कॅमेऱ्यात जे बोललात ते आधी परत बोला. बरोबर बोला. धनेशला ऐकू जाईल असं.

जयदेवने धक्क्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. खाकरून तो म्हणाला, "आमच्या घरात खाडीत कमळी उतरते." आणि मग हळू, "मी नाय."

तिने हात करून दाखवलं. जुन्या मिठागराच्या बांधाने गेलं की उघडीच्या, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराच्या, पलीकडे खाडी वळते, तिथे प्रवाह गाळ धुऊन नेतो. तिथे तिच्या गळ्याएवढं पाणी होतं. बांध होडी वाहणारी ट्रॉली जाण्याइतका रुंद आहे, हेही तिला माहीत होतं.

पुनवेला होडी तिथून पाण्यात गेली आणि तरली. बॅनर धनेशने स्वतःच आदल्या दिवशी उतरवला होता. जयदेव आधी चढला, सुकाणूपाशी गेला. पण वळणाबाहेर खोल पाण्याची धार कुठून जाते ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि पूर्वीने मोठ्याने म्हटलं, पप्पा, आईला घ्या. त्याने हात पुढे केला. कमळीने तो धरला नाही. ती आपली आपण चढली, चिखलातून तशीच, आणि सात हात व्हार्निश दिलेल्या फळ्यांवरून नाकाडापर्यंत चालत गेली. तिच्या मागे काळी पावलं उमटत गेली. जयदेवचा हात सवयीने फळ्या पुसायच्या फडक्याकडे गेला. तिने मागे वळून त्याच्याकडे पाहिलं. त्याने फडकं ठेवून दिलं आणि सुकाणू धरून, ती कुठे वळायला सांगते याची वाट बघत राहिला.