बिनचरबीच्या गोळ्या

गुलजारबीला कुणी विचारलं असतं, बाई, तुमचा धंदा काय, तर ती म्हणाली असती, "धंदा यांचा. मी आपली चुलीपुढची." आणि हे साफ खोटं होतं. नाशकात कथड्यातल्या त्या दोन खणांच्या घरात निजामभाई, म्हणजे तिचे 'हे', रिव्हॉल्व्हरची काडतुसं पुन्हा भरून देत, ही गोष्ट खरी. गिऱ्हाइकं रिकामी काडतुसं आणत, निजामभाई शिसं वितळवून साच्यात गोळ्या ओतत, नवी दारू घालत. पण गोळीवर वंगण चढवायचं काम गुलजारबीचं. ते नसलं तर सगळ्या मेहनतीची माती. कोरडी शिशाची गोळी नळीतून घासत जाते, शिसं आत चिकटून बसतं आणि चांगल्या हत्याराची वाट लागते.

तिचं वंगण म्हणजे मधाच्या पोळ्याचं मेण आणि बकऱ्याची चरबी. मेण चांदवडच्या डोंगरातून यायचं, चरबी गल्लीतल्या खाटकाकडून. गोळ्या पसरट थाळ्यात उभ्या मांडायच्या, वितळलेलं वंगण कडेकडेनं ओतायचं, थिजलं की एकेक गोळी अलगद कापून काढायची. मग एक गोळी मनगटाच्या आतल्या बाजूला दाबून बघायची. डाग उमटला तर मऊ, कपची उडाली तर कडक. सासऱ्यांनी तिला हे शिकवलं होतं. निजामभाईंना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ते कबूल करतील तर शपथ!

लासलगावचे रंगनाथ शेठ हे जुनं गिऱ्हाईक. कांद्याचे व्यापारी, देहानं थोराड, बोलायला गोड. वखारीत रोकड असायची म्हणून त्यांना रिव्हॉल्व्हरचं लायसन मिळालेलं. ओट्यावर बसून ते बाहेरूनच हाक मारत, "भाभी, हायेत का घरात?" गुलजारबीला सख्खा भाऊ नव्हता. त्या हाकेनं तिला बरं वाटायचं, उगाच कशाला लपवा.

छत्तीस साली शेठनी गळ्यात तुळशीची माळ घातली आणि पुढच्या खेपेला ओट्यावर बसून म्हणाले, "भाभी, माळकरी झालो मी. आता माझ्या गोळीला चरबी नको. हात लागतो हो तिला."

"मेण चालेल ना?"

"मेणाला नाय म्हणत नाय. तुमच्यावर सोडलं बघा."

शेठची पाठ वळली आणि निजामभाई हसले. "नेहमीचंच घाल. त्याला काय कळतंय?"

"मला कळतंय ना," गुलजारबी म्हणाली. "माणसानं माझ्यावर सोडलंय."

झालं! बाईनं थाळा राखेनं घासघासून घेतला. तेवढ्यानं समाधान होईना म्हणून कुंभारवाड्यातून कोरं मडकं आणलं, जुन्या चरबीचा बोटभर डागही नको म्हणून. नुसतं मेण चढवलं तर कपच्या उडायला लागल्या. तिनं थोडं एरंडेल घातलं. तरी तडे. आणखी घातलं. मग मात्र वंगण असं सुरेख बसलं की तिनं निजामभाईंना हाक मारून दाखवलं. सकाळचा गारवा होता, मनगटावर डाग उमटला नाही. चरबी मेणाला धरून राहते. एरंडेल वैशाखात पातळ होऊन सुटतं आणि खाली दारूत उतरतं, हे तिला कोण सांगणार? तिच्या घरात कुणी कधी बिनचरबीचं वंगण केलंच नव्हतं.

वैशाखातच लासलगावात शेठच्या वखारीत पिसाळलेलं कुत्रं शिरलं. शेठनी बार काढला. तो फुसका गेला आणि गोळी नळीतच अडकली. घाईत माणसाला कुठलं भान? त्यांनी दुसरा काढला. नळी फुटली आणि उजव्या हाताची तीन बोटं गेली.

इकडे कथड्यातल्या घरात त्याच खेपेची दोन काडतुसं उरली होती. निजामभाईंनी ती उघडली. दारूचे तेलकट गोळे झालेले. दोघांनीही पाहिलं.

लासलगावात बोभाटा झाला तो वेगळाच. माळकऱ्याच्या गोळीला चरबी लावली, देवानं कौल दिला! इकडे निजामभाईंच्या लायसनची चौकशी लागली. सगळं शेठच्या शब्दावर होतं. वंगण बदलायला मीच सांगितलं होतं, एवढं ते म्हणाले तर अपघात ठरेल. नाहीतर पिढीजात धंदा बुडाला.

गुलजारबी निजामभाईंबरोबर लासलगावला गेली. शेठ बाजेवर बसले होते, हात फडक्यात गुंडाळलेला. निजामभाई दारातच थांबले.

"भाभी, खरं सांगा. चरबी होती?"

"नव्हती, भाऊ. एरंडेल जास्त झालं, ते दारूत उतरलं. चूक माझी."

शेठनी गुंडाळलेल्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "आन् चरबी असती तर?"

इथं तिनं गप्प बसायला हवं होतं. पण ती कसली बसते!

"तर हात राहिला असता."

शेठचा डावा हात माळेकडे गेला. "म्हणजे माझंच तोंड मला नडलं म्हणा की."

"चौकशीत तेवढंच सांगा, भाऊ. पाया पडते."

"बघू," शेठ म्हणाले.

परतताना गाडीत निजामभाई म्हणाले, "दारू सादळली होती म्हणायचं. कुणावरच आलं नसतं. जन्मात एकदा खोटं बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?"

चौकशीच्या दिवशी ती कचेरीच्या पडवीत उभी होती. आतून शेठचा आवाज स्वच्छ ऐकू आला. "चरबी नको म्हणून बजावलं होतं. तरी घातली. मला फसवलं यांनी." माणूस खोटारडा नव्हता हो. पण हात आपल्याच हट्टापायी गेला, हे उरलेला जन्म कसं सोसायचं? दुसऱ्यानं फसवलं म्हटलं की झोप तरी लागते. साहेबाला चरबीशी देणंघेणं नव्हतं, बार निजामभाईंनीच भरला एवढं त्याला पुरलं. लायसन रद्द झालं आणि बरोबर आणायला लावलेले साचे तिथल्या तिथे जप्त. निजामभाई भिंतीला टेकून खाली बसले.

जबानीवर डावा अंगठा उठवून शेठ बाहेर आले. पडवीत माणसांची दाटी, त्यांना वाट काढता येईना. खांद्यावरचं उपरणं घसरून खाली पडलं आणि एका हातानं ते उचलायला ते अवघडून वाकले. गुलजारबी सवयीनं पुढे झाली. तिनं उपरणं उचललं, झटकलं आणि त्यांच्यापुढे धरलं.

शेठनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते, ते तिला नीट दिसलं. मग त्यांनी भोवतालच्या माणसांकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे सरले.

"राहू द्या," ते म्हणाले. "बाटलं ते."