चीजला कोण चावलं?

वहिनी कवळ्या बनवायच्या. चपलांच्या दुकानाच्या वर त्यांची एका खोलीची कार्यशाळा होती. खिडकीशी छोटी भट्टी, टेबलावर मेणाचे तुकडे, आणि भिंतीवरच्या फळीवर प्लॅस्टरचे जबडे. नव्या माणसाला आत आल्या आल्या वाटायचं, हे सगळे आपल्यालाच हसताहेत. पोस्टमन सही मागायला आला की वहिनी त्याच्या हातात पेनाऐवजी कवळी ठेवायच्या आणि गंभीर चेहऱ्यानं विचारायच्या, “ही तुमचीच ना?” पन्नाशी उलटली, तरी खोड काही गेली नव्हती.

त्यांचं हक्काचं गिऱ्हाईक म्हणजे धाकटा दीर. तो विमा कंपनीत अपघातांची पाहणी करायचा. गाडीचा चेपलेला पत्रा बघून चूक कुणाची ते सांगणं हे त्याचं काम, आणि ते तो घरीसुद्धा सोडत नसे. बशीला टवका गेला तरी गुडघे टेकून बघायचा. सहलीला निघाला की गळ्यात शिट्टी अडकवायचा, म्हणून घरात सगळे त्याला कॅप्टन म्हणायचे.

गावाजवळून एक लांबलचक पायवाट जायची. समुद्रापासून निघून डोंगरांमागून डोंगर ओलांडणारी. पुरी चालायची तर दोन-दोन महिने लागत. हिवाळा सरून वाट खुली झाली, की कॅप्टन थोरल्या भावाला आणि वहिनींना घेऊन तिचा एका दिवसाचा टप्पा चालायचा. खडकांवर पिवळ्या रंगाचे पट्टे मारलेले असत, ते बघत जायचं. अर्थात ते आधी कॅप्टननं बघायचे आणि शिट्टी वाजवायची.

त्या वर्षी वसंत अगदी अंगात आल्यासारखा आला होता. उतारभर पिवळी-जांभळी फुलं, ओढे तुडुंब, आणि पाखरांचा असा कालवा की शिट्टीसुद्धा ऐकू येईना. तरी कॅप्टनचं चालूच होतं. “वहिनी, डावा पाय आधी. दादा, ती फांदी बघितलीस? ताजी मोडलीय. इथून काहीतरी गेलंय.”

“काय गेलं असेल हो भावोजी?” वहिनींनी डोळे मोठे करून विचारलं.

“सांगता येईल. पुरावा मिळू दे.”

वहिनींनी ते मनावर घेतलं. त्यांच्या पिशवीत एक भलामोठा जबडा होता. मुलांना दात घासायला शिकवताना दातांचे डॉक्टर वापरतात तो, माणसाच्या जबड्याच्या तिप्पट. बिजागरी मोडली म्हणून दुरुस्तीला आला होता. बिजागरी बसली होती. तो सहलीला का आणला, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

खिंडीच्या अलीकडे जेवायला थांबले. कॅप्टननं पाव आणि चीजचा जाडजूड तुकडा फडक्यावर मांडला आणि तो ओढ्यावर पाणी भरायला गेला. वहिनींनी जबडा काढला, चीजवर ठेवला आणि दोन्ही हातांनी कचकन दाबला. नवऱ्यानं ते पाहिलं. त्यांच्या नवऱ्यानं आयुष्यात कधी कुणाची चहाडी केली नव्हती. तो पाठ फिरवून पाखरं बघत बसला.

कॅप्टन परत आला आणि जागच्या जागी खिळला. मग गुडघे टेकून त्यानं चीजभोवती बोटं फिरवली.

“हलू नका,” तो कुजबुजला. “जनावर होतं. आत्ता, इथे, आपल्या पाठीमागे! पुढचे दात सपाट आहेत. म्हणजे गवत खाणारं.”

“मग चीज का खाल्लं?” नवऱ्यानं विचारलं.

“तेच तर भयंकर आहे, दादा.”

वहिनींनी पदर तोंडाशी धरला. कॅप्टनला वाटलं, घाबरल्या. त्यानं सामान आवरलं, दोघांना मध्ये घेतलं, आणि जनावर जवळ येऊ नये म्हणून मोठ्यानं गायला लावलं. तिघांना मिळून एकच गाणं पाठ होतं, तेही पहिल्या कडव्यापुरतं. खिंड उतरेपर्यंत तेच कडवं चाललं. समोरून येणाऱ्या प्रत्येकाला कॅप्टन थांबवून चीज दाखवत होता, आणि लोक चीज बघून पाठ फिरवत होते आणि धावत उतरत होते. वहिनींना हसून हसून ठसका लागला.

खाली वनखात्याच्या चौकीपाशी पोचले तर वाटेवर आडवा दोर बांधलेला आणि ही गर्दी! एक गृहस्थ लगबगीनं पुढे आले.

“वरून आलात? सुटलात म्हणायचं! तिघांवर हल्ला झालाय.”

“कुठल्या तिघांवर?” कॅप्टनचा चेहरा पडला.

“एक बाई आणि दोन पुरुष. भीतीनं वेडे झाले हो बिचारे. नुसते गात सुटलेत म्हणे.”

वहिनी फिस्सकन हसणार, तेवढ्यात त्यांना चहाच्या टपरीवाली दिसली. ती वनरक्षकाचा हात धरून रडत होती. तिची बहीण मेंढ्या घेऊन वरच्या कुरणात एकटी होती.  वहिनी तडक वनरक्षकापुढे उभ्या राहिल्या.

“साहेब, जनावर वगैरे काही नाही. ते मी केलं.”

“वहिनी,” कॅप्टन हळुवारपणे म्हणाला, “आम्हाला धीर द्यायला खोटं बोलू नका.”

“अहो, खरंच मी चावले!”

“एवढं मोठं? वहिनी, तुम्ही जरा सावलीत बसा बरं.”

शेवटी वहिनींनी पिशवीतून जबडा काढला, कॅप्टनच्या हातातलं चीज घेतलं आणि सगळ्यांसमोर जुन्या खुणेशेजारी नवी खूण उठवली.  टपरीवालीनं आधी चीजकडे पाहिलं, मग जबड्याकडे, आणि डोळे पुसता पुसता खो खो हसत सुटली. वनरक्षक मात्र हसला नाही. त्यानं वहिनींना चांगलं फैलावर घेतलं आणि हातात कर्णा दिला. “आता तुम्हीच सांगा सगळ्यांना. मोठ्यानं.” वहिनींनी लाल चेहऱ्यानं सांगितलं, टपरीवालीची हात जोडून माफी मागितली. दोर सुटला, लोक पांगले.

कॅप्टन बसमध्ये पुढच्या बाकावर जाऊन बसला, खिडकीकडे तोंड करून. वहिनींनी त्याला सोललेलं संत्रं देऊ केलं. त्यानं घेतलं नाही. नवऱ्यानं हळूच म्हटलं, “या वेळी जरा जास्तच झालं गं.”  वहिनींनाही ते कळत होतं.

बरंच अंतर गेल्यावर कॅप्टनच्या शेजारच्या बाईंनी विचारलं, “वर काहीतरी गडबड झाली म्हणे?”

 कॅप्टन खाकरून म्हणाला, “झाली होती. पण गवत खाणारं जनावर चीज कशाला खाईल? मला तिथेच शंका आली. कुणीतरी आपली चेष्टा करतंय, हे मी ओळखलं होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“बघत होतो, कुठपर्यंत नेतात ते.”

नवरा वहिनींचा दंड धरायला गेला, पण त्या उठून पुढे गेल्याच होत्या. बाकाच्या पाठीला धरून त्या बाईंना म्हणाल्या, “खरंय. यांच्यापुढे आमचं काही चालत नाही बघा.”

कॅप्टननं मान वळवून त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग थोडा सरकला आणि संत्र्यासाठी हात पुढे केला.