हे लागीर नव्हतं

उरणजवळच्या कंटेनर यार्डात मी गेटवर नोंदी करायचे. कंटेनरचा नंबर म्हणजे चार अक्षरं, सात आकडे. नंबर एकदा ऐकला की टाइप करून मोकळी. एका सोमवारी मी एकाच ड्रायव्हरला तोच नंबर पाच वेळा विचारला. दोन दिवसांनी, ट्रेलरचे हॉर्न मला शिव्या देतायत म्हणून केबिनचं दार आतून लावून बसले. त्यापुढचे पाच आठवडे मला आठवत नाहीत. ते आईकडून ऐकलेत.

मी झोपेना. तोंड वेडंवाकडं व्हायचं, हात हवेत फिरत राहायचे. जवळच्या डॉक्टरांनी मनाचा आजार म्हणून गोळ्या दिल्या. मग आकडी आली. काकी भगतालाच घेऊन दारात उभी. "खाडीच्या खाजणाकडनं येताना धरलंय हिला. उतरवल्याशिवाय सुटायची न्हाय."

आई उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "माझ्या पोरीला कुणी हात लावून तर बघा!"

त्याच दुपारी तिने मला गाडीत घालून नवी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी माझ्या पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं, पोटाची सोनोग्राफी केली आणि आईला समोर बसवलं.

"जंतूंशी लढायला शरीर अँटीबॉडी बनवतं. हिच्या अंडाशयात गाठ आहे, तिच्यात मेंदूसारख्या पेशी आहेत. शरीराने त्या परक्या समजून अँटीबॉडी बनवल्या. आता त्याच खऱ्या मेंदूवर उलटल्यात."

"म्हंजे येड न्हाय लागलं?"

"नाही. मेंदूला सूज आहे. उपचार आहेत."

गाठ काढली. स्टेरॉइड दिले. रक्तातला अँटीबॉडीवाला पातळ भाग यंत्राने काढून बदलला, तोही पाच वेळा. त्यानंतरची माझी पहिली आठवण पेजेची. "मीठ कमी आहे," मी म्हटलं, आणि आई चमचा तसाच धरून रडायला लागली.

चालायला, सलग वाचायला पुन्हा शिकावं लागलं. काही महिन्यांनी काकीच्या मुलीची हळद होती. सगळ्या बायका एकेक करून हळद लावत होत्या. माझी वेळ आली तशी काकीने तबक मला टाळून पुढच्या बाईकडे सरकवलं.

"तू र्‍हाऊ दे. परत अंगात आलं म्हंजे?"



"माझ्या अंगात कुणी आलं नव्हतं, काकी," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "आजार होता. औषधाने बरा झाला. रिपोर्ट घरी आहेत, कुणालाही दाखवते."

मी तबकात हात घातला. नवरीनेच गाल पुढे केला. दोन्ही गालांना भरपूर हळद लावली, आणि जेवायला मुद्दाम काकीच्या शेजारी बसले.